तार धरणारी शाई

उन्हाळ्यात मी धारूरला घरी आले ती तोंड पाडूनच. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन महिने माझी जाळी उभी राहत नव्हती आणि सरांनी सांगून टाकलं होतं, सुट्टीनंतर जमलं नाही तर विषय बदलायचा. विषय म्हणजे बायोइंक, त्वचेच्या जिवंत पेशी मिसळायची जेलीसारखी शाई. यंत्राच्या सुईतून ती थरावर थर सोडायची, त्या जाळीत पेशी वाढवायच्या आणि पुढेमागे जखमेवर नवी कातडी बसवायची, अशी आशा. माझी शाई मात्र सुईतून उतरली की पसरायची आणि जाळीची भोकं बुजायची.

हा विषय का घेतला, हे मी मुलाखतीत फार शास्त्रीय भाषेत सांगितलं होतं. खरं कारण आईच्या मनगटावर आहे. सहा वर्षांची असताना मी कुरडयांच्या उकळत्या चिकाच्या पातेल्याला धक्का मारला होता. चीक तिच्या हातावर सांडला, भाजल्याचा तो डाग अजून तसाच आहे.

घरी नेमका कुरडयांचाच घाट घातला होता. मी स्वयंपाकघराचा एक कोपरा बळकावला. पेशी आणल्या नव्हत्या, नुसत्या पुड्या होत्या, एक समुद्री शेवाळातली आणि एक जिलेटिनची. त्या गरम पाण्यात घोटून सिरिंजमध्ये भरल्या आणि ताटलीत रेघा ओढल्या. पसरल्या. पुन्हा ओढल्या, पुन्हा तेच. मी सिरिंज आपटली.

"कावून आपटतीस? आण इकडं." चीक हलवता हलवता आईने सिरिंज घेतली आणि हळूच दाबली. टपकन थेंब पडला. "हे तार कुठं धरतंय? अजून लई गरम हाय. निवू दी की."

बाहेर ऊन रणरणत होतं, घरात निवणार कसं? तिने सिरिंज ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवली आणि मला चीक घोटायला बसवलं. मी दर दोन मिनिटांनी उठायचे, ती डोळे वटारून बसवायची. जिलेटिन थंडाव्याने घट्ट होतं हे मला तोंडपाठ होतं, तरी प्रयोगशाळेतही शाई घोटली की मी लगेच यंत्रात भरत होते. तीन महिने शाईला नावं ठेवली आणि उतावीळ मीच होते! आधी स्वतःचा राग आला, मग हसूच फुटलं.

अर्ध्या तासाने सुईतून सलग तार उतरली. आडवे, उभे असे सहा थर रचले, भोकं शाबूत. वरून पुण्याहून आणलेलं, शेवाळाला आवळणारं कॅल्शियमचं पाणी ओतलं, तशी जाळी घट्ट झाली. चिमटीत उचलली तरी तुटेना. विषय वाचला! मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

आईने जाळी तळहातावर घेतली, उजेडाकडे नेऊन निरखली. मग बांगड्या मागे सारून मनगटावरच्या डागावर ठेवून पाहिली.

"लहान पडतीय गं," ती म्हणाली. "पुढच्या बारीला मोठी कर."