चेसिस नंबर मोठ्याने वाचला

मित्रहो, आज शोरूममध्ये सूड उगवून आलो.

परवा नव्या डिझेल गाडीचा भाव कमी करा म्हटलं, तर सेल्समन बायकोसमोर म्हणाला, "काकाजी, परवडत नसंल तर सेकंडहँड पाहा ना!"

तो परवा जिला "कालच कंपनीतून आली" म्हणाला होता, त्याच गाडीचा चेसिस नंबर आज पाहिला. त्यातलं गाडी बनल्याच्या वर्षाचं अक्षर मागच्या सालचं. ही विद्या मी स्वतः शिकलोय. भरल्या शोरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं.

मॅनेजर धावला. "भाऊ, हळू बोला ना, डिस्काउंट देतो!"

"काहून हळू? परवा तुमच्या माणसाले हळू बोलता आलं नाही?"

तेवढ्यात बुकिंगला बसलेले दोघं उठले. "भाऊ, आमच्याही गाड्या पाहून द्या."

दोन्ही पाहिल्या. दोन्ही जुन्याच. तिघंही बुकिंग न करता बाहेर पडलो.

माझं चुकलं का? चुकलं असेल तर उद्या पुन्हा जातो.