गयाबाईंच्या फुंकरीचे आकडे

तिसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मी स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरली. टीबीचा एकही जंतू नाही.

"मग खोकला काहून जात न्हाई, मॅडम?" गयाबाईंनी विचारलं.

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. गयाबाई डोंगरकड्याकडच्या. तीन महिने खोकत होत्या. घरच्यांनी टीबीच धरला होता. ताट-तांब्या वेगळा. सून शीतल तान्हं लेकरू त्यांच्याजवळ देत नव्हती. तिलाही भीती होतीच.

एक्स-रेमध्येही काही नव्हतं. माझं काम तिथे संपत होतं. पण गयाबाई उठेनात. मी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"मजुरी."

"कशाची?"

शेतातून काढलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या एका शेडमध्ये ग्राइंडरमध्ये घालून बारीक करतात. त्यापासून पुन्हा प्लास्टिकचा दाणा बनतो. गयाबाई त्या ग्राइंडरवर होत्या. दारातून ऊन आलं की काळी भुकटी तरंगताना दिसते, म्हणाल्या.

दिसते ती जाड. ती बरीचशी नाकात अडकते. डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि प्लास्टिक तिथे विरघळत नाही. पुढे जाऊन ते नेमकं काय करतं, यावर अजून शोध चालू आहे. पण अशा धुळीने श्वासनळी सुजते, खोकला लागतो, हे माहीत आहे. लुगड्याचा पदर एवढे बारीक कण अडवत नाही.

मी आमच्या मेडिकल ऑफिसरना सांगितलं. "शंका बरोबर आहे. पुरावा?" ते म्हणाले, आणि स्वतःच कपाटातून पीक फ्लो मीटर काढलं. या नळीत जोरात फुंकलं की काटा सरकतो. श्वासनळी आवळलेली असेल तर आकडा कमी येतो. तीन आठवडे, रोज चार वेळा फुंकायचं आणि लिहून ठेवायचं.

गयाबाईंना वाचता येत नव्हतं. मी शीतलला बोलावून घेतलं. तिने नाकाला ओढणी लावूनच वही घेतली.

तीन आठवड्यांनी शीतलच वही घेऊन आली. कामाच्या दिवशी संध्याकाळी आकडा खाली. मधे मोटार जळून शेड चार दिवस बंद होतं, तेव्हा आकडा वर. तिने बोट ठेवून दाखवलं. "मॅडम, टीबी असता तर शेड बंद पडल्यावर आकडा वाढला नसता ना?"

नाही, मी म्हणाले. जिल्ह्याच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं.

मग आमचे मेडिकल ऑफिसर सर आणि मी शेडवर गेलो. मालक ऐकायला तयार नव्हते. एवढ्या बाया काम करतात, मग एकीलाच तकलीफ कशी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्यांना फुंकू द्या, सकाळी आणि काम सुटताना. ते लगेच हो म्हणाले; काही निघणार नाही याची त्यांना खात्री होती. संध्याकाळी पाच बायांपैकी दोघींचे आकडे घसरले होते. मालकांनी सकाळी गंमत म्हणून फुंकलं होतं. त्यांची खुर्ची ग्राइंडरसमोरच. त्यांचाही आकडा घसरला.

त्यांनी नळी दोनदा झटकून पाहिली. मग सरांना विचारलं, "काय करावं लागंल?"

ग्राइंडरला झाकण बसलं, वरून पाण्याचा फवारा आला, धूळ ओढणारा पंखा लागला. बायांना घट्ट बसणारे मास्क मिळाले. गयाबाई आता बाहेर नळ्या धुतात. खोकला पुष्कळ कमी आहे, पूर्ण गेलेला नाही. इनहेलर न्यायला येतात तेव्हा नात कडेवर असते.

तपासणीच्या फॉर्मवर धंद्याच्या रकान्यात मी आता नुसतं 'मजुरी' लिहीत नाही. कशाची, ते विचारते. अर्धं मिनिट लागतं.