कोरफडीच्या भाकऱ्या

आमच्या मुक्ताचं अंगावरचं दूध तोडायचं ठरलं, आणि त्या दुपारी ताटावरच्या तीन मोठ्या माणसांनी जेवण सोडलं.

मुक्ता पावणेदोन वर्षांची. सोमवारपासून मला वालीवच्या खोक्यांच्या कारखान्यात पुन्हा कामावर जायचं होतं, आणि दुपारी माझ्या कुशीत प्यायल्याशिवाय ही झोपायची नाही. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर आधीच बजावलं होतं, "एकदम तोडू नका. दिवसातली एकेक वेळ कमी करा." तो अख्खा महिना मी तिला पाजता पाजता डुलक्या काढण्यात घालवला. जूचंद्रच्या खाडीवरून वारा यायचा, पापण्या जडावायच्या, तिची बोटं माझ्या मंगळसूत्राशी खेळायची. इतकं सुख मला आयुष्यात कशातच मिळालेलं नाही. बघता बघता शेवटचा रविवार उजाडला.

"कोरफर लाव गो," सासूबाई म्हणाल्या. "एकदा तोंड लावंल नि पलून जाईल. माझी तिन्ही पोरा अशीच सुटली."

कुंडीतलं पान चिरलं, गर छातीला चोळला. (मी साताऱ्याची. आमच्याकडे कडुनिंब लावतात, पण सासरी सासरचा कडूपणा!) तेवढ्यात नवऱ्याच्या आत्या जेवायला आल्या. उकड तयारच होती. मी घाईघाईत हात गाऊनला पुसले आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसले. पुसले. धुतले नाहीत.

पहिला घास सासऱ्यांनी घेतला. ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"पानी दे," एवढंच म्हणाले.

आत्यांनी आपला घास हळूच ताटाखाली सरकवला. नवरा मात्र चावत राहिला. लग्नाला चार वर्षं झालीत, तेवढं शिकलाय. सासूबाईंनी आधी भाकरी हुंगली, मग माझे हात.

"कोरफर पोरीला लावलीस का आमाला?"

मी आतल्या खोलीत पळाले. मुक्ता मागोमाग आली. तिने तोंड लावलं, वाकडं केलं, थोडा विचार केला, मग स्वतःच्या फ्रॉकने मला नीट पुसून काढलं आणि निवांत प्यायला लागली. खिडकीतून वारा आला. बाहेरची भांडी दूर कुठेतरी वाजत होती. उद्याचं काय करायचं, हा विचार अर्ध्यातच विरघळला.

जाग आली तेव्हा कुशीत कोणी नव्हतं. मुक्ता स्वयंपाकघरात आजीच्या मांडीवर बसून वरणभात खात होती, टक्क जागी.

"पोरीची काय कालजी करू नको, ती ऱ्हाईल माझ्याजवल," सासूबाई म्हणाल्या. "पन पाजल्याबिगर झोप कोनाला येत नाय, ता आज कललं."

सोमवारी दुपारी मुक्ता आजीजवळ गाढ झोपली. मी वालीवला जेवणाच्या सुट्टीत खुर्चीत टक्क जागी, डोळ्यांत पाणी. डॉक्टरीणबाईंचंच खरं होतं. एकदम तोडायला नको होतं, एकेक वेळ कमी करायला हवी होती. माझी.