दरीतून वर आणलेला वाघदेव

आमच्या बार्शीटाकळीत देवीदास माळ्याला कोणी सरळ नावानं हाक मारत नसे. 'सोनेवाले' म्हणत, तेही तोंडावर. मला त्याचा राग येई. वांगी आणि झेंडू इतक्या निगुतीनं पिकवणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि खोटं बोलायला लागणारी अक्कल त्याच्याकडे मुळीच नव्हती.

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळातली गोष्ट. दोडक्याच्या मांडवासाठी बांबू हवे होते, म्हणून तो गाडीवाल्यांबरोबर अकोटच्या पलीकडे मेळघाटात गेला. त्या डोंगरांत गवळी राजाचं सोनं पुरलेलं आहे, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. देवीदासचा बैल सुटून एका दरीत उतरला. त्याला शोधताना उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांत तांब्याची हंडी दिसली. झाकण सरकवलं तर आत पिवळ्याधमक मोहरा.

दुसरा असता तर धोतराचा सोगा भरून निघाला असता. पण गुप्तधन एकट्यानं उचलायचं नसतं. नवराबायकोनं जोडीनं नैवेद्य दाखवून घ्यायचं, नाहीतर ते घरातला जीव घेतं, असं आमच्याकडे पक्कं मानतात. आणि घरी त्याची बायको पार्बताबाई पोटुशी होती. त्यानं एका मोहरेला बोट लावलं नाही. हंडी मातीनं बुजवली, वर धोंडा ठेवला. बांबू तोडण्याआधी वाघदेवाला लावायला शेंदूर नेलेला असतो, त्यातला उरलेला त्या धोंड्याला फासला. शेंदराच्या धोंड्याखाली कोण खणणार? मोठी हुशारी केली बिचाऱ्यानं.

मुलगी झाली, सुभद्रा. पावसाळा सरल्यावर तो बायकोला आणि तान्हीला घेऊन तिकडे गेला. पाहतो तर गाडीवाटेवरच्या मोहाच्या झाडाखाली नवा ओटा, निशाणं, आणि ओट्यावर त्याचाच धोंडा. खुशालराव नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानानं कौतुकानं सांगितलं, की दरीत वाघदेव प्रकटला होता. बायाबापड्यांना तिथवर उतरता येईना, म्हणून सगळ्यांनी डफ वाजवत त्याला वर आणला. कोणत्या दरीतून, ते मात्र ज्यानंत्यानं वेगळं दाखवलं. पुरानं ओढ्यांची तोंडं बदलली होती, उन्मळलेली झाडं तर जिकडेतिकडे. जास्त खोदून विचारावं तर गुपित फुटणार. पार्बताबाईनं त्या धोंड्यापुढे मनोभावे नारळ फोडला.

मग तो दर वर्षी जाऊ लागला. बांबूचं निमित्त किती पुरणार? गावाला कळलंच. मळा बायकोवर पडला. फुलांची पाटी घेऊन तीच अकोल्याच्या जुन्या शहरात विकायला बसू लागली. लोक हसत. देवीदास म्हणे, हसू द्या, माझ्या घरची खरं मानते ना. आणि ती खरंच निघताना भाकरी बांधून देई, एका शब्दानं अडवत नसे. त्या जोरावर तो डोंगर तुडवत राहिला. मला त्याची फार कीव येई.

सुभद्रेला धामणगावचं स्थळ आलं. पोरगा चांगला, घर मळेवाल्यांचं. पण मुलाचे वडील भगवंतराव बैठकीत स्पष्ट बोलले. वेड्याच्या घरची मुलगी करायला त्यांची तयारी नव्हती.

"चार माणसांत सांगा," ते म्हणाले. "सोनं पाह्यलं का नाई?"

मी तिथंच होतो. सुभद्रा दाराआड उभी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवीदासनं एकदा त्या दाराकडे पाहिलं.

"नाई पाह्यलं," तो म्हणाला. "मनाचेच खेळ होते."

लग्न ठरलं, सुपारी फुटली. देवीदास शेवटी शुद्धीवर आला, म्हणून गावानंही समाधान मानलं.

पुढचं त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पाहुणे गेल्यावर तो चुलीपाशी बायकोकडे गेला. पोरीसाठी खोटं बोललो, तू मनाले लावून घेऊ नको, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण तीच आधी बोलली, आणि फार मायेनं बोलली.

"बरं झालं, बोलले एकदाचे. मनाचेच खेळ होते, हे मले पयल्यापासूनच ठाऊक होतं. तुमच्या जिवाले लागन म्हणून गप होती."

देवीदासनं नुसती मान हलवली. त्यानंतर तो डोंगरात गेला नाही. काहून नाही गेलास, असं मी विचारलं.

"सापडलं असतं गा," तो म्हणाला, "पण आता दाखवू कोणाले?"