सहा महिन्यांची मुदत

युरोपातल्या आमच्या विद्यापीठात विद्यार्थी त्यांना तळटीपबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण बाईंना ठाऊक होतं. युरोपीय कायदा आणि मानवी हक्क हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी साहित्याचा पदवीधर. त्यांच्या पुस्तकाची भाषा तपासायला गेलो आणि त्या घरचाच झालो.

नवी आवृत्ती आठ वर्षं टेबलावर होती. प्रत्येक तळटीपेमागचा मूळ निकाल स्वतः वाचल्याशिवाय पान हातावेगळं करायचं नाही, हा बाईंचा खाक्या. "हिचं पुस्तक आणि माझं लग्न, दोन्ही पुढच्या वर्षी," असं त्यांचा साठीचा भाऊ म्हणायचा. बाई हसून चष्मा पुसायच्या.

मार्चमध्ये एक शिंपी त्यांना भेटायला विभागात आला. त्याच्या धाकट्या भावाला देशाबाहेर काढणार होते. मायदेशी उतरताच तुरुंग ठरलेला. इथल्या वरच्या न्यायालयानेही हात वर केले होते. उरलं होतं ते युरोपचं मानवी हक्क न्यायालय. शिंप्याच्या काखेत वाचनालयातून आणलेलं बाईंचं जुनं पुस्तक होतं. पानापानांत खुणेला कापडाच्या चिंध्या. बाईंचा चेहरा उजळला.

वकील परवडेना, म्हणून त्याने पुस्तक वाचून अर्ज स्वतःच लिहिला होता. एकही कागद राहू नये म्हणून सावकाश जमवाजमव केली होती. निकालाला पाच महिने झाले, मुदत सहाची, अजून महिना हातात आहे. बाईंनी फक्त एकदा नजर टाकावी, एवढंच त्याचं म्हणणं.

बाईंनी पुस्तक उघडून स्वतःचंच वाक्य वाचलं.

"मुदत आता चार महिन्यांची आहे."

"पण तुम्हीच लिहिलंय ना, बाई?"

"हो. मीच लिहिलंय."

तो बदल टेबलावरच्या नव्या आवृत्तीत होता. त्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम मी हलवला होता.

बाईंनी तरीही अर्ज पाठवला. सोबत स्वतःची चूक कबूल करणारं पत्र जोडलं. एका पानाचं उत्तर आलं. मुदत उलटली आहे, विचार करता येत नाही. पुढच्या गुरुवारी शिंप्याच्या भावाला विमानात बसवलं. पोचल्यावर फोन करतो म्हणाला होता.

बाई आता रोज पाचला शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतात. तो त्यांना या म्हणत नाही, जा म्हणत नाही. मशीन चालू ठेवतो. परवा मीही गेलो. विमान सुटल्याचा अकरावा दिवस होता. फोन कापडांच्या ढिगावर, दोघांनाही दिसेल असा ठेवलेला होता.