पितळी बाईचा हात

आमच्या तंजावूरच्या घरी देवापुढे एक हातभर उंचीची पितळी बाई होती, ओंजळीत दिवा धरून उभी. दर शुक्रवारी आत्या तिला चिंचेनं घासायची आणि घासता घासता तिची गोष्ट सांगायची. पाताळातल्या नागाचं रत्न आणायला राजपुत्र निघाला. वाटेत किर्र काळोख. नागाच्या दासीनं दिवा धरला म्हणून त्याला वाट दिसली. रत्न घेऊन, दासीला "येतो" म्हणून तो वर गेला, राजकन्येशी लग्न केलं, सात मजली महाल बांधला. पुढे तासभर त्याचंच कौतुक. दासीच्या वाट्याला एकच वाक्य: उभी राहून राहून ती पितळेची झाली.

मला त्या राजपुत्राचा भयंकर राग यायचा. मेल्याला शिव्या घालायची मी.

"तिचा हात दुखत नसेल का, आत्या?"

"दुखला तरी सांगेल कोणाला? चिंच दे इकडे."

एकदा मी शहाणपणा केला. तिला विसावा म्हणून ऐन दिवेलागणीला अंथरुणावर आडवी केली, वर पांघरूण घातलं. तेल सांडलं, शुक्रवारचा दिवा राहिला. आजोबा खवळले. आत्यानं मला पाठीशी घातलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. विधवा आत्या तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघालेली, ट्रंक भरून तयार. बाबा म्हणाले, पोर चालायला लागेपर्यंत थांब. मी चालायला लागले, शाळा संपवली. ट्रंकेत आता गोधड्या होत्या. हे कोणी माझ्यापासून लपवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नाही.

मद्रासला कॉलेजात निघाले तेव्हा दाराशी तिच्या पाया पडले. आमच्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत, अशुभ, "येते" म्हणायचं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"जाते म्हण, कण्णू. येते म्हणालीस तर मी उभीच राहीन."

माझी जीभ रेटेना. "येते" म्हणाले आणि घोड्याच्या जटक्यात बसले.

आधी सुट्टी लागली की मी यायची. मग नोकरी, मग लग्न, मग नुसती पत्रं. ती गेल्याची तार मिळून मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शेजारीण म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की दारात यायची. बसा म्हटलं तरी बसायची नाही."

त्या राजपुत्राला मी पुन्हा कधी शिव्या दिल्या नाहीत.