बाबांची सवय

मी शहर सोडलं तेव्हा मला पोचवायला तिघं आले होते: संतोष, विनायक आणि वैजापूरहून पहिल्या गाडीनं आलेले बाबा. पुण्याची बस लागलेली, बॅगा आत ठेवलेल्या. बोलायला काही उरलं नाही की माणसं जे बोलतात तेच चाललं होतं, पाणी घेतलं का, पोचल्यावर फोन कर. तेवढ्यात संतोषनं बाबांना विचारलं, “काका, त्या काकूंनी तुम्हाला खरंच कप धुवायला लावला व्हय?”

त्यात खोडसाळपणा नव्हता. दोन आठवडे आमचा वाद चालला होता आणि साक्षीदार आयता समोर उभा होता. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मीच म्हणालो, “नाय रे, बाबांनीच धुतला. सवयीनं.” बाबांनी मान हलवली. “व्हय,” म्हणाले, “सवय हाय मला.” मग बस निघाली.

संतोष, विनायक, तेव्हा जे गिळलं ते आज लिहितो आहे.

क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर घरमालकीण काकूंचा बंगला आणि वर माझी खोली. माझं आडनाव ऐकून काकूंनी मला आपल्यातला धरलं आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही. वर्षभर त्यांच्या हातचा चहा प्यायलो, सणाला पुरणपोळी खाल्ली. बाबा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी. त्यांनी मापलेल्या कांद्यावर शेतकरी आणि व्यापारी दोघंही गप्प बसायचे. ते पहिल्यांदा खोली बघायला आले. काकू ओट्यावर होत्या. आयुष्यभर जे म्हणत आले तेच बाबा फाटकातून म्हणाले, “जय भीम, ताई.” असं म्हणू नका, हे त्यांना आधी सांगून ठेवावं असं माझ्या मनात आलं होतं. सांगितलं नव्हतं, यात माझा चांगुलपणा काही नाही. धीर झाला नव्हता, एवढंच.

काकूंनी चहा दिला. एरवी त्या रिकामे कप ट्रेमध्ये घेऊन आत जात. त्या दिवशी ट्रे पुढं आलाच नाही. “नळ तिथं आहे,” म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. बाबा उठले, दोन्ही कप विसळले आणि कट्ट्यावर पालथे घातले. मी बसून होतो. कप तिसऱ्या दिवशीही तिथंच होते. चौथ्या दिवशी काकूंचा पुतण्या शिकायला येणार असल्याचं मला कळलं. खोली लागणार होती.

चहाच्या टपरीवर तुम्हाला हे सांगितलं. विनायक, तू म्हणालास, “हात धुवायला नळ दाखवला असंल यार. तू लई मनाला लावून घेतो.” संतोष म्हणाला, “पुतण्या खरंच येत असंल तर? लोकांला पुतणे नसतात का?” कप विसरले असतील, असंही निघालं. प्रत्येक शंका एकेकटी घेतली तर पटण्यासारखी होती. शेवटी मीच म्हणालो, “असेलही.” तुम्ही खूश झालात आणि माझ्या चहाचे पैसे दिलेत.

आता मी रॉटरडॅमला असतो. ऑफिसात वर्षातून एकदा भेदभावावर ट्रेनिंग होतं, सँडविचसकट. तिथं एकदा हे सांगितलं. सगळ्यांनी तत्काळ विश्वास ठेवला, माना हलवल्या, एकीनं डोळेही पुसले. मग दुसरी स्लाइड आली. इतक्या सहज मिळालेल्या विश्वासाचं काय करायचं ते मला कळलं नाही. मला तो टपरीवर हवा होता.

गेल्या महिन्यात विनायकनं ग्रुपवर फोटो टाकला. काकूंचा कॉलनीत सत्कार, शाल, श्रीफळ, मानपत्रात ‘भाडेकरूंची माउली’. खाली संतोषचा हात जोडलेला इमोजी. मी दोघांना एकत्र फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी ‘असेलही’ म्हणालो नाही. संतोष म्हणाला, “मग तवा स्टँडवर खोटं का बोलला तू? आम्ही तर काकांच्या तोंडून ऐकलं ना.”

त्याचं बरोबर आहे. तुम्ही शंका घेतलीत, पण तिच्यावर शिक्का मी मारला. त्या शहरात तुमच्याशिवाय माझं कोणी नव्हतं, आणि निघताना तुमच्या नजरेत रडका ठरायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी बाबांना त्यांच्याच विरुद्ध खोटी साक्ष द्यायला लावली. ज्या माणसाच्या मापाला कोणी कधी आव्हान दिलं नाही, त्याला.

तसं का बोललास, हे विचारायचा पहिला हक्क बाबांचा होता. ते विचारत नाहीत. सुट्टीत वैजापूरला गेलो की तिकडं थंडी किती, दिवस किती वाजता मावळतो, एवढं विचारतात आणि माझं उत्तर शेजाऱ्यांना जसंच्या तसं सांगतात. इथं कोणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी वैजापूर सांगतो. तिथं माझ्याकडं कोणी पुरावा मागत नाही. आणि म्हणूनच चार दिवसांच्या वर मला तिथं राहवत नाही.